पाच जणांची तलफ: भोसरीतल्या एका वर्कशॉपच्या प्रकल्प नोंदी

20 मे 2024, सोमवार

आज वही उघडतोय, आम्ही पाच जण सिगारेट-बिडी सोडणार त्याच्या नोंदींसाठी. मी मेंटेनन्सला आहे, मशीन कधी बंद पडलं, का पडलं, काय केलं, कोणी केलं हे लिहायची वीस वर्षांची सवय, तर तीच पद्धत इथे वापरू म्हटलं.

निमित्त असं झालं की गेल्या आठवड्यात कंपनीत वार्षिक मेडिकल होतं. फुप्फुसाच्या टेस्टला नळीत जोरात फुंकायचं असतं, टूलरूमचे मास्तर तिसऱ्यांदा फुंकताना खोकत खोकत खालीच बसले. डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेतलं, पाच मिनिटं बोलले. बाहेर आल्यावर मास्तर गप्प. मग आम्ही पाच जण नेहमीसारखे गेटबाहेर टपरीवर गेलो, चहा घेतला, पेटवल्या, आणि हातात सिगारेट धरूनच मास्तर बोलले की मला आता ही सोडायचीय रे, पण एकट्याच्यानं होणार नाही, दोनदा करून बघितलंय. कोणीच हसलं नाही. अण्णा म्हणाले, मग मी पण येतो. तिथनं सुरुवात.

कोण कोण आहे ते लिहून ठेवतो, नावं नकोत. मास्तर, 48, दिवसाला दोन पाकिटांएवढ्या म्हणजे वीस. अण्णा, ग्राइंडिंगवर, 55, बिडी, दिवसाला पंचवीसचं बंडल संपतं. बारक्या, सीएनसी मशीनवर, 24, सहा-सात. ड्रायव्हर भाऊ, मालाची गाडी मुंबईला घेऊन जातो, मोजत नाही, रात्री जास्त. आणि मी, 41, बारा सिगारेट, 19 वर्षं झाली.

24 मे, शुक्रवार

काल गुरुवारची सुट्टी होती तर घरी बसून व्हाय-व्हाय केलं, म्हणजे परत परत "का" विचारत मुळापर्यंत जायचं, जसं ब्रेकडाउनचं करतो. का ओढतो, तर तलफ येते. तलफ कधी येते? उठल्यावर, चहाबरोबर, जेवण झालं की, मशीन सुरू होत नसेल आणि साहेब डोक्यावर उभे असतील तेव्हा. मग बाकीच्या वेळी का ओढतो? इथे मी अडकलो, कारण बारामधल्या पाच-सहा तर तलफ नसतानाच ओढतो, कोणीतरी खूण करतो "चल" आणि आपण उठतो. ती दहा मिनिटं म्हणजेच आमच्या गप्पा. अण्णांच्या मुलाचं लग्न तिथेच ठरलं म्हणायला हरकत नाही, माझ्या वडिलांच्या ऑपरेशनला पैसे कमी पडत होते ते पण तिथेच उभं राहून जमले. म्हणजे सिगारेट सोडायची तर ती दहा मिनिटंसुद्धा जातात, आणि मला वाटतं मास्तरांचे आधीचे दोन्ही प्रयत्न इथेच फसले, ते आत बसून राहिले आणि आम्ही बाहेर हसत होतो. तेव्हा आम्ही त्यांना "या ना, नुसता चहा घ्या" म्हणायचो. आता ते आठवलं की वाईट वाटतं.

ठरलं असं की ब्रेक बंद करायचा नाही, जागा बदलायची. मागच्या गेटजवळ लिंबाचं झाड आहे तिथे उभं राहायचं.

31 मे, शुक्रवार

आज तंबाखूविरोधी दिन, गेटवर बॅनर लागलाय. आम्ही मात्र सोडायचा दिवस सोमवार 3 जून धरलाय.

डॉक्टर आज आले होते, त्यांनी सगळ्यांना सहा प्रश्न विचारले, फागरस्ट्रॉम टेस्ट म्हणतात, दहापैकी मार्क. जास्त मार्क कशाला, तर उठल्यावर पहिली किती मिनिटांत ओढता. पाच मिनिटांच्या आत असेल तर तीन मार्क. अण्णा म्हणाले, मी तर अंथरुणातच पेटवतो. अण्णांना 8 आले, मास्तरांना 7, मला 5, बारक्याला 2. भाऊ ट्रिपवर होता. जास्त मार्क म्हणजे शरीराला निकोटिनची सवय जास्त, नुसत्या निश्चयावर सोडू नका, औषधाचा आधार घ्या असं डॉक्टर म्हणाले. निकोटिनची गोळी चघळायची असते, 2 मिलिग्रॅमची केमिस्टकडे मिळते, 4 ची चिठ्ठीवर. च्युइंगगमसारखी चावत सुटायची नाही, हळू चावायची, तोंडात झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायची, झिणझिण्या गेल्या की परत हळू चावायची, आणि आधीची पंधरा मिनिटं चहा-कॉफी काही प्यायचं नाही, नाहीतर निकोटिन नीट शोषलंच जात नाही. हे बरं झालं सांगितलं, कारण मी चहाबरोबरच चघळली असती आणि काही उपयोग नाही म्हणून टाकून दिली असती.

बारक्याने नंबर शोधला, 1800-11-2356, सरकारची क्विटलाइन, फुकट आहे. हा नंबर 2018 पासून प्रत्येक पाकिटावर छापलेला असतो. आणि आम्ही पाच जणांनी तो कधी वाचला नव्हता, कारण आम्ही सिगारेटवाले सुटी घेणारे, पाकीट टपरीवाल्याच्या हातात. सुटी विकायला महाराष्ट्रात सप्टेंबर 2020 पासून बंदी आहे ती याचसाठी, की अख्खं पाकीट घ्यावं लागलं तर माणूस विचार करेल आणि ते चित्र, तो नंबर डोळ्यासमोर येईल. मास्तरांनी स्पीकरवर फोन लावला, मराठीत बोलता आलं, बाई शांतपणे सगळं विचारत होत्या, तारीख लिहून घेतली आणि परत फोन करू म्हणाल्या.

स्टोअरच्या कपाटावर बोर्ड लावलाय. कंपनीत "अपघाताविना दिवस" असा बोर्ड असतो ना, तसाच "धुराविना दिवस", प्रत्येकाची एक ओळ. आयडिया माझी.

3 जून, सोमवार

पहिला दिवस. सकाळची नाही ओढली. अर्धा तास नुसता गॅलरीत उभा होतो, हात कुठे ठेवायचे कळेना.

डॉक्टरांनी सांगितलेलं लिहून ठेवतो, गरज पडते वाचायला. शेवटच्या सिगारेटनंतर वीस मिनिटांत नाडी खाली यायला लागते, बारा तासांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड नॉर्मलला येतो. दोन आठवडे ते तीन महिन्यांत दम सुधारतो. वर्षानंतर हार्टचा धोका ओढणाऱ्याच्या निम्म्यावर. बारा तास हे मला आवडलं, म्हणजे एका शिफ्टएवढंच आहे.

4 जून, मंगळवार

लोकसभेचा निकाल. अख्खी एमआयडीसी टपरीवर टीव्हीसमोर. आम्ही लिंबाखाली मोबाइलवर बघितलं. सगळ्यांची डोकी भणभणतायत. लिंबूपाणी अण्णांनी आणलं होतं.

5 जून, बुधवार

आजचा दिवस वाईट गेला. तिसरा दिवस सगळ्यात अवघड असतो हे सांगितलेलं होतं तरी घरी पोरीवर ओरडलो, ती फक्त विचारत होती की पप्पा वहीला कव्हर घालून देता का. नऊ वर्षांची आहे. ती आत गेली, मग मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलो. बायकोने दार वाजवलं आणि म्हणाली, मास्तरांना फोन लाव. मी म्हटलं, ते स्वतःच त्रासात असतील. ती म्हणाली, म्हणूनच लाव.

लावला. मास्तर म्हणाले, मी आत्ता ताटावरून उठून आलोय, भाजीत मीठ जास्त होतं एवढ्यावरून. दोघं वीस मिनिटं बोललो, कशावर तर त्यांच्या जुन्या लेथच्या हेडस्टॉकवर. फोन ठेवला तेव्हा तलफ गेलेली होती. ती पाच-दहा मिनिटांतच ओसरते म्हणतात, फक्त ती पाच-दहा मिनिटं एकट्यानं काढायची नसतात.

मग पोरीची माफी मागितली, तिला खरं काय ते सांगितलं. कव्हर घातलं.

8 जून, शनिवार

झोप अजिबात नाही, पहाटे तीनपर्यंत जागा. मास्तरांचं पण तेच. डॉक्टरांना फोन केला तर त्यांनी विचारलं, चहा किती? आठ कप. त्यांनी सांगितलेलं कारण मला अगदी पटलं, सिगारेटच्या धुराने लिव्हर कॅफीन लवकर जाळतं, सिगारेट बंद झाली की तेवढाच चहा अंगात जास्त वेळ राहतो, म्हणजे तोच चहा दुप्पट लागल्यासारखा होतो. चिडचिड आणि धडधड त्यातली पण असते. सगळ्यांनी तीन कपांवर यायचं ठरवलं, संध्याकाळी पाचनंतर बंद.

12 जून, बुधवार

बोर्डवर भाऊ सोडून सगळ्यांचे 9. साहेबांनी येऊन बघितलं, टाळ्या वाजवल्या, फोटो काढला.

19 जून, बुधवार

बारक्याच्या खिशातून पुडी पडली. तंबाखू-चुना. तो म्हणाला, दादा धूर तर नाही ना, बोर्डवर धुराविना लिहिलंय. त्याने लपवण्यासारखं काही केलं असं त्याला वाटतच नव्हतं.

मला राग आला होता पण खरं तर चूक आमच्या शब्दाची होती. आपल्याकडे धुरापेक्षा चघळणंच जास्त, 2016-17 च्या सरकारी तंबाखू सर्व्हेत महाराष्ट्रात ओढणारे 3.8 टक्के आणि चघळणारे, मशेरी लावणारे वगैरे 24.4 टक्के. त्यामुळे सिगारेट सुटली की पुडी हाताशीच असते, बसमध्ये, मशीनवर, कुठेही, कोणाला वास नाही. निकोटिन तेच आणि तोंडाच्या कॅन्सरची भीती वर. अण्णांनी त्याला जवळ बसवलं आणि स्वतःच्या मोठ्या भावाचा गाल सांगितला, कसा कापला, कसं स्ट्रॉने जेवायचे. बारक्या रडला. पुडी त्याने स्वतः ड्रममध्ये टाकली. आता आपल्या प्रकल्पात तंबाखू म्हणजे सगळा तंबाखू.

29 जून, शनिवार, रात्री उशिरा

आपण वर्ल्ड कप जिंकलो. मॅच माझ्याकडे बघितली, मास्तर, बारक्या आणि बिल्डिंगमधले काही जण. शेवटच्या ओव्हरला 16 पाहिजे होते, मिलरने उचलला आणि सूर्याने बाउंड्रीवर तो कॅच घेतला तेव्हा मी बारक्याच्या दंडाला धरून उभा होतो, त्याला वळ उठलेत. सात रननी जिंकलो. आधी असली मॅच म्हणजे पाकीटभर जायचं. नाही ओढली.

रात्री एक वाजता ग्रुपवर मास्तरांचा मेसेज: "चौकात फटाके वाजत होते, कोणीतरी पुढे केली, एक ओढली. अख्खी. सांगून टाकतो." बारक्याने लिहिलं, मास्तर बोर्ड शून्य करायचा का? मी लिहिलं, आत्ता झोपा, उद्या बोलू, आणि सांगितलंत हे फार चांगलं केलंत. झोपलो नाही.

30 जून, रविवार

ही नोंद मोठी होणार.

सकाळी सहाला अण्णांचा फोन, माउलींची पालखी आज आळंदीहून पुण्याला निघतेय, दिघीला दर्शनाला येतोस का. दोघांनी अर्धी सुट्टी टाकली. रस्त्याच्या कडेला उभे होतो, दिंड्या जात होत्या, टाळांचा आवाज, आणि अण्णा समोर बघतच म्हणाले, "माझे सत्तावीस दिवस खोटे आहेत."

मी काहीच बोललो नाही. मग ते सांगत गेले. निकोटिनची गोळी त्यांच्या कवळीला चिकटायची, दुसऱ्याच दिवशी सोडून दिली, सांगायला लाज वाटली. वहिनी गेल्या वर्षी गेल्या, मुलगा-सून नाशिकला. अण्णा पहाटे चारला उठतात, आधी वहिनी उठायच्या, चहा व्हायचा, आता घरात कोणी नाही, नुसता पंख्याचा आवाज. बिडी ओढल्याशिवाय पोट साफ होत नाही ही तीस वर्षांची सवय, दहा दिवस पोट बांधल्यासारखं झालं, तरी धरून ठेवलं. अकराव्या दिवशी पहाटे पेटवली. म्हणजे साहेबांनी टाळ्या वाजवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारची सुट्टी होती, एकटे घरात. तेव्हापासून रोज पहाटे चार-पाच, मग अंघोळ, बडीशेप, आणि कंपनीत आल्यावर आपल्या ओळीत एक दिवस वाढवायचा.

"मग आज का सांगितलंत?" मी विचारलं.

"रात्री मास्तरचा मेसेज वाचला. त्याला तू शिव्या दिल्या नाहीस."

मला तिथे रस्त्यावर उभ्या उभ्या कळलं की आपण काय करून ठेवलंय. अपघाताच्या बोर्डाचं असंच होतं, हे मला दुसऱ्या कोणी सांगायला नको, मी त्याच खात्यातला. आकडा मोठा व्हायला लागला की बोटाला लागलेलं कोणी सांगत नाही, फडकं बांधून काम करतात, कारण आपल्यामुळे बोर्ड शून्यावर यायला नको. मला हे पंधरा वर्षं माहीत होतं आणि तरी तोच बोर्ड मी माझ्या मित्रांसमोर लावला. अठरा दिवस हा माणूस रोज सकाळी आमच्यासाठी लिंबूपाणी घेऊन येत होता आणि एकटाच हे ओझं घेऊन फिरत होता.

अण्णांना म्हटलं, दहाव्या दिवसापर्यंत धरलंत ते खरंच आहे ना, ते दहा दिवस कोणी काढून घेत नाही. आणि पंचवीसच्या चार झाल्यात.

ते म्हणाले, माझ्या बापाने माळ घातली आणि सुटली त्याची, मला वाटायचं आपली पण तशी एका दिवसात सुटेल. पालखीचा रथ आला. दोघांनी हात जोडले.

2 जुलै, मंगळवार

बोर्ड काढला. बारक्याला आवडलं नाही, त्याला आकडा बघून बळ येतं म्हणाला, तर त्याने स्वतःच्या मोबाइलमध्ये मोजावा, ते त्याचं.

कपाटाच्या आतल्या बाजूला आता कागद लावलाय. तीन रकाने: तलफ कधी आली, कुठे आली, कोणाला सांगितलं. ओढली की नाही हा रकानाच नाही. ओढली असेल तर ज्याला फोन केला त्याला सांगायचं, पुढच्या तलफेला काय करायचं ते दोघांनी ठरवायचं, बास. मास्तरांनी पहिली ओळ लिहिली, "29 जून, चौकात, कोणालाच नाही."

अण्णांना घेऊन डॉक्टरांकडे गेलो. कवळीवाल्यांना ती गोळी चालतच नाही, आधी विचारायला पाहिजे होतं असं डॉक्टर स्वतःच म्हणाले. पॅच दिलाय, 21 मिलिग्रॅम, रोज जागा बदलून लावायचा. पोटासाठी रात्री इसबगोल आणि उठल्यावर गरम पाणी. आणि पहाटे चारचं काय? तो भाग माझा.

3 जुलै ते 20 जुलै

रोज 4.10 ला अलार्म. अण्णांना फोन. पहिले दोन दिवस काय बोलायचं तेच कळेना, "उठलात का, हो उठलो, पाणी घेतलंत का, घेतो." तिसऱ्या दिवशी ते म्हणाले फोन चालूच ठेव, मी पाणी गरम करतो. मग मला भांड्याचा आवाज, गॅसचा आवाज. मग वहिनींबद्दल बोलायला लागले. मी गॅलरीत अंधारात उभा राहून ऐकायचो, त्याच जागी जिथे 19 वर्षं ओढली.

ग्राइंडिंगजवळ घामाने पॅच सुटायचा, दंडावरून काढून पाठीवर लावायला लागलो, तिथे त्यांचा हात पोचत नाही म्हणून बारक्या लावून देतो, शिफ्ट सुरू व्हायच्या आधी. रात्री विचित्र स्वप्नं पडायला लागली तर डॉक्टरांनी झोपताना काढून ठेवायला सांगितला.

पहिल्या आठवड्यात दोनदा ओढली, दोन्ही वेळा फोनवर सांगितलं. आषाढी 17 तारखेला होती. त्यानंतर नाही.

4 ऑगस्ट, रविवार

गटारी. आम्ही चौघं मास्तरांच्या घरी, मटण-भाकरी, प्यायचं नाही असं ठरवूनच, कारण दोन पेग झाले की नाही म्हणायची ताकद जाते हे चौघांनाही माहितीय. भाऊ आला नाही. त्याने नवव्या आठवड्यातही सोडलेली नाही. मुंबईची ट्रिप, रात्री दोनला खोपोलीच्या घाटात झोप येते, सिगारेटने जाग येते असं त्याचं म्हणणं. मी त्याला म्हटलं, झोप येत असेल तर गाडी बाजूला घे आणि वीस मिनिटं झोप, सिगारेट हा उपाय नाही. ते तो ऐकतो, सिगारेटचं ऐकत नाही. पण गाडी थांबवली की फोन करतो, रकान्यात सगळ्यात जास्त ओळी त्याच्याच आहेत. बारक्या म्हणाला, तो ओढतोच आहे तर ग्रुपमध्ये कशाला? मास्तर एकदम कडक आवाजात बोलले, "दोनदा मी असाच बाहेर राहिलो होतो." विषय संपला.

7 सप्टेंबर, शनिवार

गणपती बसले. आरतीला "घालीन लोटांगण" एका दमात म्हटलं, पोरीने बघितलं, म्हणाली पप्पा तुम्ही खोकला नाहीत. बारा सिगारेट, 18 रुपयाला एक, दिवसाचे 216, तीन महिन्यांचे एकोणीस हजारांच्या वर जातात. बायकोने ते दर आठवड्याला बाजूला काढलेत, मला माहीत नव्हतं. वजन चार किलो वाढलंय, होऊ दे, चालायला जातोय.

11 ऑक्टोबर, शुक्रवार

दसऱ्याची मशीनपूजा आजच झाली. मास्तरांची परत टेस्ट नोव्हेंबरात आहे. अण्णांचा पॅच 7 मिलिग्रॅमवर आलाय, या महिन्यात बंद. भाऊची दिवसाला तीन, आता मोजतो.

पेंट शॉपचा एक मुलगा पूजा झाल्यावर कपाटाजवळ घुटमळत होता. तीस-बत्तीसचा असेल. म्हणाला, मला पण यायचंय, पण माझं सकाळचं काही होत नाही ओढल्याशिवाय. मी माझा नंबर द्यायला मोबाइल काढला तर अण्णांनी माझा हात खाली केला आणि त्याला विचारलं, किती वाजता उठतोस?

"साडेचार."

"मी चारला उठतो. माझा नंबर लिहून घे."